आडवा आठ

मेगरला आमच्या घरात जमिनीवर जागा नव्हती. ओल लागेल म्हणून आण्णा तो मांडणीवर, आईच्या पितळी डब्यांच्या रांगेत ठेवत. आई आधी कुरकुरली, मग तिनं एक डबा खाली घेतला आणि त्याला हक्काची जागा करून दिली. आल्यागेल्याला वाटायचं हा रेडिओच आहे. दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढी काळी बेकेलाइटची पेटी, उचलायला चामड्याचा पट्टा, वर काच, काचेखाली चंद्रकोरीसारखी पट्टी आणि तिच्यावर केसाएवढा काटा. एका बाजूला दोन पितळी मळसूत्रं, एक लाइनचं, एक अर्थचं. दुसऱ्या बाजूला दुमडून ठेवायचं हँडल. ते हँडल उलगडताना ‘कट्’ असा आवाज यायचा. तो आला की आम्ही भावंडं हातातलं टाकून धावायचो.

चंद्रकोरीच्या एका टोकाला शून्य होतं आणि दुसऱ्या टोकाला आडवा पडलेला आठ. शून्याच्या बाजूला आकडे ऐसपैस बसलेले असायचे आणि आठाकडे जाता जाता त्यांची जत्रेसारखी दाटी व्हायची. तो आठ झोपला का आहे, असं मी एकदा विचारलं. आण्णा म्हणाले, “त्यो आठ न्हाई बाय. त्यो ‘लई’ हाय. मोजता येत न्हाई एवढं.”

शाळेत अनंत शिकायच्या आधी मला तो असा भेटला.

मेगर हे खरं तर एका कंपनीनं दिलेलं नाव. लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीनं 1903 साली ते नोंदवलं. पुढं वनस्पती तूप म्हणजे डालडा झालं तसं वायरीचं इन्सुलेशन तपासायचं कोणाचंही यंत्र मेगरच झालं. आमचा देशी बनावटीचा होता, आण्णांनी जुन्या बाजारातून घेतलेला. वायरमन लोक ‘मेगर मारला का?’ असं विचारतात. मारणं म्हणजे दोन्ही चिमटे लावून हँडल फिरवणं, दुसरं काही नाही. पण क्रियापद बरोबर आहे. मेगर खरोखरच आत जोर मारतो.

याच्या स्वभावातली पहिली गोष्ट हीच. खिशातला टेस्टर वीज आहे की नाही एवढंच सांगतो. मल्टिमीटर आपल्या चिमुकल्या सेलच्या बळावर वायरीला हळूच विचारतो, ‘बरी आहेस ना?’ ओल्या भिंतीतली, वेष्टण चिरलेली वायरसुद्धा दीड व्होल्टाला ‘बरी आहे’ म्हणते. उद्या तिच्यावर 230 व्होल्ट येतील तेव्हा ती काय करील, ते त्या हळू विचारण्यात कळत नाही. मेगर 500 व्होल्टानं विचारतो. हे 500 व्होल्ट तो स्वतःच्या पोटात तयार करतो. आत लोहचुंबक आणि छोटं जनित्र, बाहेर माणसाचा हात. ना सेल, ना बॅटरी. लाइन असताना तर त्याला लावायचंच नाही. मेन खाली पाडायचा, फेज-न्यूट्रल दोन्ही सुटे आहेत याची खात्री करायची आणि मगच चिमटे लावायचे. सगळं घर अंधारात गेलं की याचं काम सुरू.

एकदा आण्णा बाहेर गेलेले असताना भावानं हँडल धरलं आणि मी दोन्ही चिमटे दोन हातांत धरले. दोनच फेऱ्यांत दंडापर्यंत मुंग्या चढल्या आणि चिमटे फेकून मी किंचाळले. आण्णांना कळलं तेव्हा मार बसेल असं वाटलं होतं. त्यांनी मला समोर बसवलं. “काटा कुठं गेला व्हता?”

“शून्यावर.”

“बघ. वायरीला लाखात मोजतोय आपण. माणसाला इन्सुलेशनच न्हाई.”

एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम. त्या मापात माणूस शून्यच भरतो, आणि ओल्या हाताचा असेल तर आणखीच. ‘माणसाला इन्सुलेशनच न्हाई’ हे वाक्य आण्णांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आमचं गाव इचलकरंजी. आण्णा बावीस वर्षं मागांच्या कारखान्यांत वायरिंग करत होते. त्यांच्याकडे वायरमनचं परमिट होतं. पण कायद्याची उतरंड अशी की वायरमननं हातानं काम करायचं, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरनं त्यावर देखरेख करायची आणि काम घ्यायचं लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं. तेव्हा लागू असलेल्या 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 45 वा नियम तो हाच. नियम चांगला होता, आण्णांना तो मान्यही होता. त्यांचं दुखणं वेगळं होतं. नवं कनेक्शन घ्यायचं तर वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर सही कॉन्ट्रॅक्टरची. त्या रिपोर्टात इन्सुलेशनच्या आकड्यासाठी एक रकाना असतो. आण्णा दिवसभर मेगर फिरवून आकडे काढायचे, चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि ज्या माणसाच्या हाताखाली ते काम करत तो चहाच्या टपरीवर बसून दहा-दहा रिपोर्टांवर एकाच शाईनं एकच खूण काढायचा. आडवा आठ.

एका पावसाळ्यात एका कारखान्यात आण्णांना एका सर्किटवर काटा शून्याला चिकटलेला दिसला. चिठ्ठीवर त्यांनी तसं लिहिलं, तोंडीही सांगितलं. रिपोर्ट गेला तो आडवा आठ घेऊनच. पंधरा दिवसांनी मागाला करंट आला आणि रात्रपाळीचा एक पोरगा फेकला गेला. वाचला. हात भाजला. आण्णा त्याला दवाखान्यात बघून आले, मेगर मांडणीवरून खाली काढला, फडक्यानं पुसला आणि आईला म्हणाले, “आता सही माझीच.”

सही स्वतःची हवी तर लायसन हवं आणि त्यांच्यापुढची पहिली पायरी होती सुपरवायझरची परीक्षा, लेखी आणि तोंडी. हे 1994 सालचं. आण्णा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि मी नववीत.

अभ्यास रात्री. माझी वही एका बाजूला, त्यांच्या क्लासच्या चक्रमुद्रित नोट्स दुसऱ्या बाजूला, मधे मेगर. लाइट गेली की कंदील मधे यायचा आणि मेगर जरा सरकायचा, एवढंच. मी प्रश्न वाचायचे, ते उत्तर द्यायचे. पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं की आण्णांना सगळं येतंय आणि काहीच सांगता येत नाही. “अर्थिंग कसं कराल?” असं मी वाचलं की त्यांचे हात हलायला लागायचे. खड्डा किती खोल ते हातानं दाखवायचे, पाइप उभा धरायचे, कोळसा-मीठ थरावर थर टाकायचे, वर पाणी ओतायचं नरसाळंसुद्धा बसवायचे. तोंडातून मात्र एवढंच, “ते आपलं असं करायचं.” परीक्षक हाताला मार्क देणार नव्हता. मग मी त्यांचे हात धरून ठेवायला लागले. खरंच, दोन्ही हात माझ्या हातात, आणि मग म्हणायचं, “आता सांगा.” हात बांधल्यावर हळूहळू शब्द यायला लागले. चाळीस मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप. तांब्याची प्लेट असेल तर साठ सेंटिमीटर चौरस, 3.15 मिलिमीटर जाड. लोखंडी असेल तर जाडी दुप्पट, 6.3.

नियमांचे आकडे पाठ करायची त्यांची रीत निराळी होती. आकडा नुसता डोक्यात राहत नसे, तो कुठंतरी टांगावा लागे. कमी दाबाची तार रस्ता ओलांडते तेव्हा ती जमिनीपासून 5.8 मीटर तरी उंच हवी, हा 77 वा नियम. आण्णांनी तो कडब्यानं भरलेल्या गाडीवर टांगला. गाडी, गाडीवर कडबा, कडब्यावर उभा गडी, त्याच्या हातात वर धरलेला कासरा, आणि तरी तारेला लागता कामा नये. 44 वा नियम म्हणजे शॉक बसलेल्या माणसाला शुद्धीवर आणायच्या सूचनांचा तक्ता. तो प्रत्येक कारखान्याच्या दारात होता, वर रुई साचलेला. लाइटच्या सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा 800 वॅट, हे त्यांनी आमच्याच गल्लीतल्या घरांवर मोजून बघितलं आणि दोन घरं चुकीची निघाली म्हणून रात्रभर तळमळले.

मेगरवरचे प्रश्न मात्र त्यांनी माझ्याकडून करून घेतले. एका फळीवर दोन होल्डर, दोन स्विच, एक सॉकेट अशी छोटी वायरिंग ठोकली. फळी पोळपाटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, “फिरीव.”

मिनिटाला एकशेसाठ फेऱ्या. सुरुवातीला हँडल जड लागतं, मग घरघर एकसारखी होते आणि वेग त्याच्या वर गेला की आतला क्लच सुटून हँडल हातात हलकं होतं. मी वेड्यासारखं फिरवलं तरी तो 500 व्होल्टांच्या फार पुढं जायचा नाही. पहिला नियम, लावायच्या आधी त्याचीच परीक्षा. चिमटे सुटे ठेवून फिरवलं की काटा आडव्या आठावर, चिमटे एकमेकांना लावून फिरवलं की शून्यावर. ज्यानं दुसऱ्याची साक्ष काढायची त्यानं आधी स्वतःची द्यायची, हे त्याच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

मग खरा पेच. नोट्समध्ये दोन प्रश्न एकाखाली एक होते. अर्थशी चाचणी घेताना दिवे काढायचे की ठेवायचे? दोन वायरींमधली चाचणी घेताना दिवे काढायचे की ठेवायचे? मला दोन्ही सारखेच वाटायचे आणि माझी हमखास अदलाबदल व्हायची. आण्णांनी फळीवरचा एक बल्ब तसाच ठेवून फेज आणि न्यूट्रलला चिमटे लावले. मी फिरवलं. काटा शून्य. “वायर खराब हाय व्हय?” म्हणाले. मग बल्ब काढला. काटा आडव्या आठावर. त्या क्षणी मला जे समजलं ते आजतागायत विसरले नाही. बल्ब असताना मेगर फिलामेंटमधून इकडून तिकडं जातो आणि वायरीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून दोन वायरींच्या मधे बघायचं तर दिवे काढायचे, स्विच चालू ठेवायचे. अर्थशी बघायचं तेव्हा उलट. तेव्हा दिवे हवेतच, स्विच चालूच, फ्यूज जागेवर. फिलामेंटमुळे फेज आणि न्यूट्रल एक होतात आणि अख्खं घर एका झटक्यात जमिनीसमोर उभं राहतं.

आकडा किती यायला हवा त्याचंही गणित होतं. पी.व्ही.सी. वायरिंग असेल तर साडेबारा मेगओहमला पॉइंटांच्या संख्येनं भागायचं. म्हणजे पॉइंट वाढले की अपेक्षा कमी होते. यात मला काहीतरी गैर वाटायचं. मोठ्या घराला सूट का? आण्णांनी सांगितलं, प्रत्येक पॉइंटला थोडं थोडं गळतंच. शंभर रांजणांचं पाझरणं एका रांजणाएवढं कसं असेल? तरी अख्ख्या घरासाठी एक मेगओहमच्या खाली जायचं नाही. आजही केंद्रीय नियमांत 500 व्होल्ट, एक मिनिट, किमान एक मेगओहम हेच आहे.

त्याच्या काट्याचे नखरे हळूहळू ओळखीचे झाले. लांब केबल असेल तर तो आधी शून्याकडे झेप घेतो, जसं काही सगळंच बिघडलंय, आणि मग मिनिटभरात पायरी पायरीनं वर चढतो. केबल तोवर पाणी पिणाऱ्या जनावरासारखी वीज पोटात घेत असते. तिचं पोट भरलं की काटा खरं सांगतो. म्हणून मिनिटभर थांबायचं, आणि झाल्यावर ती वीज वायर टेकवून काढून टाकायची, नाहीतर शेवटचा शॉक मेगरवाल्यालाच. भिंतीत ओल असेल तर काटा थरथरत मधेच कुठंतरी रेंगाळतो. चुकीच्या जागी खिळा ठोकलेला असेल तर मात्र रेंगाळत नाही, पडतो. आण्णा नुसता काटा बघून सांगायचे, हे पाणी आहे की खिळा.

पहिल्या खेपेला आण्णा नापास झाले. लेखी निघालं, तोंडीला अडकले. गार्ड टर्मिनल कशासाठी, असा प्रश्न आला. आमच्या मेगरला दोनच मळसूत्रं. तिसरं त्यांनी आयुष्यात बघितलेलं नव्हतं. मोठ्या मेगरवर ते असतं, केबलच्या पृष्ठभागावरून होणारी गळती मोजणीतून वगळायला. नोट्समध्ये दोन ओळी होत्या आणि मी त्या वाचल्याच नव्हत्या, कारण आमच्याकडे ते नव्हतं. मला वाटलं माझ्यामुळे गेलं. आण्णांनी बॅग ठेवली, जेवले, आणि झोपायच्या आधी खडूनं भिंतीवर तीन टिंबं काढली. लाइन, अर्थ, गार्ड. ती टिंबं पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत होती.

दुसऱ्या खेपेच्या तयारीत त्यांनी मला काट्याचं गुपित सांगितलं. मी एकदा विचारलं होतं की फिरवणं थांबलं की काटा शून्यावर का येत नाही. वजनकाट्यातल्या, मल्टिमीटरमधल्या काट्याला घरी यायची सवय असते. हा मात्र हँडल थांबलं की असेल तिथंच राहतो, पेटी हलवली तर भरकटतो. आण्णांनी शेणानं सारवलेल्या अंगणात काडीनं जू काढलं. “आत दोन गुंडाळ्या हायत. एकाच आसाला. दोन बैल समज. एक लईकडं वढतोय, एक शून्याकडं. वायर चांगली असली तर लईवाला जिकतोय, खराब असली तर शून्यवाला. आता तू दमलीस, हँडल हळू झालं, तर?”

“दोन्ही बैल हळू.”

“मग जू कुठं सरकंल?”

सरकणार नाही. म्हणून हात जरा थकला तरी आकडा फारसा बदलत नाही. आणि हात थांबला तर दोन्ही बैल सुटले. काट्याला मागं ओढणारी स्प्रिंगच ठेवलेली नाही. जू असेल तिथं पडून राहतं.

तोंडी परीक्षेत टेबलावर एक मेगर ठेवलेला होता, आण्णा सांगत, आमच्यासारखाच पण नवा. परीक्षकांनी गार्ड विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “हँडल फिरवत नसताना काटा कुठे असतो?” आण्णांच्या आधीच्या उमेदवारानं शून्य सांगितलं होतं, त्याच्या आधीच्यानं अनंत. आण्णा मेगरकडे बघत म्हणाले, “कुठं बी.” मग आमच्या घरातला तो दोन्ही हात धरून ठेवायचा नियम त्यांना आठवला असावा. त्यांनी हात टेबलाखाली घेतले आणि सावकाश पूर्ण वाक्य म्हटलं, “नियंत्रक स्प्रिंग नसल्यामुळे काटा कोणत्याही स्थानावर राहू शकतो.” परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, असं ते सांगायचे.

प्रमाणपत्र आलं, लायसनचा अर्ज गेला. त्या अर्जाबरोबर आपल्याकडे कोणती उपकरणं आहेत ते दाखवावं लागतं. आण्णांनी मेगर पोत्यात न घालता आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नेला.

त्यांच्या सहीचा पहिला टेस्ट रिपोर्ट कुठल्या कारखान्याचा नव्हता. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं नवं घर झालं होतं, बारा पॉइंटांचं. गिलावा नुकताच झालेला, खोल्यांत ओल्या सिमेंटचा गार वास. हँडल मी फिरवलं, आण्णांनी मनगटावरच्या घड्याळात मिनिट मोजलं. काटा आठवर थांबला. सरळ उभा आठ, पट्टीवरचा. साडेबाराला बारानं भागलं तर एकाच्या जरा वर, म्हणजे आठ मेगओहम भरपूर झालं. आण्णांनी रकान्यात तेवढंच लिहिलं, अक्षर गिरवून, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कागद घेणाऱ्यांनी तो रकाना बघून मान वर केली. रोजच्या गठ्ठ्यात बाकी सगळीकडे आडवा आठ होता. “हे आठ का? इन्फिनिटी नाही का आलं?”

“भिंत अजून वली हाय, सायेब,” आण्णा म्हणाले. “दोन म्हैन्यानं परत मेगर मारून सांगतो.”